शेवटची सूचना

नाशिकच्या कोर्टात एकोणतीस वर्षं फौजदारी वकिली केली. उलटतपास घ्यावा तर यांनीच, असं लोक म्हणायचे आणि मीही फुगायचो. आग लागो त्या कौतुकाला!

सातपूरला एका वर्कशॉपमागे भरदुपारी सुपरवायझरचं डोकं दगडावर आपटून खून झाला. आदल्या दिवशी त्याच्याशी भांडलेला, म्हणून पोलिसांनी तिथल्या राकेश नावाच्या कामगाराला उचललं. राकेश सांगत होता, मी तेव्हा मनमाडला मामाकडे होतो. हाच आमचा बचाव. तिथं सोबत त्याची आई चांगुणाबाई होती, पण आईच्या साक्षीला कोण विचारतं? समोर प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकच, टपरीवाला झुंबर.

झुंबरला मी चाळीस मिनिटं सोलून काढला. पोलिसांना दिलेल्या जबाबात राकेशचं नावच नव्हतं, कोर्टात मात्र त्याला शर्टाची बटणंसुद्धा आठवत होती. गडी घामाघूम झाला. तिथंच मुकाट्यानं खाली बसायचं की नाही? पण आम्हा वकिलांची एक खोड. उलटतपास संपवताना साक्षीदाराला दोन-चार सूचना घालायच्या, म्हणजे आपल्या बाजूची हकीकत त्याच्या तोंडावर मांडायची, तो 'खोटं' म्हणणार हे माहीत असूनही. मी ऐटीत म्हणालो, "सुपरवायझरच राकेशच्या अंगावर धावून आला आणि पाय घसरून दगडावर पडला, असं माझं म्हणणं आहे."

"खोटं हाय," झुंबर म्हणाला. स्टेनोनं सगळं टाइप केलं. मी कोट झटकून बसलो.

युक्तिवादाच्या दिवशी सरकारी वकिलानं नेमकी तीच ओळ वाचली. "आरोपी मनमाडला होता, तर हा माणूस सातपूरला त्याच्या अंगावर धावून कसा आला?" आज निकाल लागला. जन्मठेप.

बाहेर व्हरांड्यात चांगुणाबाईनं माझ्यापुढे हात जोडले. "लय भांडलात साहेब. हायकोर्टातबी तुमीच उभं ऱ्हावा."

मला राहवेना. तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. तुमचा मुलगा तिथं होता हे माझ्याच तोंडून कबूल झालं, मावशी, आणि ते वाक्य आता कुठल्याच कोर्टात पुसलं जाणार नाही. वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "म्हंजे तुमालाबी वाटत व्हतं का, तो तिथंच व्हता म्हून?"

दोन वर्षांत राकेशला तुरुंगात डझनभर वेळा भेटलो. पंचनामा, जबाब, भांडण, सगळं खोदून विचारलं. तू खरंच मनमाडला होतास का रे, एवढं एकदाही विचारलं नाही. तो थापा मारतोय हे मी पहिल्याच दिवशी धरून चाललो होतो.

"माझ्या हातची भाकर खात व्हता तो त्या वक्ताला," ती म्हणाली. खाली राकेशला नेणारी पोलिसांची गाडी सुरू झाली, तशी ती पिशवी उचलून जिन्याकडे धावली.