दोन बोटं खाली येणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. शाळेतली नाही आणि साहेबाची तर मुळीच नाही. केस कापायच्या दुकानातली. लोखंडी बूड, लाल रेक्झिन, मागे झुकणारी पाठ आणि उजव्या बाजूला पायाने दाबायचं पेडल. पेडल दाबलं की मी वर जाते. आणि खाली कशी येते, ते जरा पुढे सांगते. माझी सगळी बदनामी त्यातच आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट खडकीला, मुनव्वरभाईंच्या सलूनमध्ये. तिथे माझ्यावर दारूगोळा कारखान्यातले कामगार बसायचे, क्वार्टर्समधले निवृत्त लोक बसायचे. बसल्या बसल्या सरकार चालवायचे आणि दाढी झाली की सरकार तिथेच ठेवून घरी जायचे. बारा-तेरा वर्षांनी माझा खालचा पंप जरा सैल झाला. कुणी आरामात टेकलं की मी 'फुस्स' करून दोन बोटं खाली यायचे. आधी आपोआप व्हायचं. मग मला त्यात मजा यायला लागली.

तात्याराव म्हणून एक होते. मिशा अशा, की आरशात आधी मिशा दिसायच्या, मग तात्याराव. गालभर फेस घेऊन ते जगाला शिस्त लावत असायचे आणि मी नेमकी तेव्हा फुस्स.

"अरे मुनव्वर, ही खुर्ची आहे का लिफ्ट?"

"तात्या, तळमजला आला. उतरायचं का?" मुनव्वरभाई म्हणायचे आणि सगळं दुकान हसायचं.

पण वस्तरा गालावर असताना मी कधीच हलले नाही. एवढी अक्कल मला होती.

मुनव्वरभाई थकले तेव्हा दुकान बंद झालं. त्यांची मुलगी खुशनुमा हिने वाघोलीत बायकांचं पार्लर काढलं आणि मला टेम्पोत घालून तिकडे नेलं. मला नवीन रेक्झिन मिळालं, जांभळं. आरसे वाढले, वास बदलले. पण चार वर्षांत शेजारी दोन नव्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी कोपऱ्यात गेले. गर्दी असली तरच माझ्याकडे गिऱ्हाईक. एकदा तर खुशनुमाने भंगारवाल्याला फोनच केला. "रविवारी या आणि एक खुर्ची घेऊन जा," म्हणाली. मी ऐकलं. खुर्चीला कान नसतात असं तिला वाटत असावं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी अपेक्षा आली. आयटीतली मुलगी, लग्नाला दोन वर्षं झालेली. सोबत तिच्या सासूबाई, दुर्गाबाई. रविवारी नणंदेचं लग्न. सुनेचे कुरळे केस औषध लावून कायमचे सरळ करायचे आणि अंगाला वाफ देऊन मसाज, असं सगळं दुर्गाबाईंनीच ठरवलं होतं. नव्या खुर्च्या भरलेल्या, म्हणून अपेक्षा माझ्यावर बसली. दुर्गाबाई समोरच्या सोफ्यावर, पर्स मांडीवर घेऊन.

अपेक्षा बसली ती टोकावर, ताठ.

"औषधाचा वास फार येतो का हो?" तिने विचारलं.

"येतो थोडा. का? त्रास होतो?"

अपेक्षाने सोफ्याकडे बघितलं. "नाही... सहज विचारलं."

खुशनुमाने मास्क लावला, वाटीत औषध काढलं, माझी पाठ मागे झुकवली. पोरगी डोळे घट्ट मिटून बसलेली. मला वाटलं, हिला जरा हसवू. परवा भंगारात जायचंच आहे, एक शेवटची खोडी करून घेऊ.

फुस्स!

आता मित्रांनो, पंप सैल झाल्यापासून माझ्यावर हजारो माणसं दचकली. दचकलेला माणूस काय धरतो? माझे हात धरतो. तात्याराव मिशा धरायचे, पण ते एकटेच. अपेक्षाने दोन्ही हातांनी पोट धरलं.

तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले. पहिल्यांदाच माझी मला लाज वाटली.

"खुर्ची आहे का झोपाळा?" दुर्गाबाई कडाडल्या.

खुशनुमा अपेक्षाच्या हातांकडे बघत होती. मग तिने वाटीवर झाकण ठेवलं आणि खिडकी उघडली.

"ताई, एक विचारू? रागावू नका."

सोफ्यावरून उत्तर आलं, "काही नाही हो. ॲसिडिटी आहे तिला."

"मावशी, ॲसिडिटीला कुणी असं दोन हातांनी सांभाळत नाही."

मग अपेक्षा हळूच म्हणाली, "दुसरा महिना संपतोय."

"अपेक्षा!" दुर्गाबाई उठल्याच. "तीन महिने पुरे झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, ठरलं होतं ना आपलं?"

"गावाला नका सांगू, मावशी," खुशनुमा म्हणाली. "पण जी तुमच्या सुनेच्या डोक्याला औषध लावणार, तिला तरी सांगा. या औषधावर गरम इस्त्री फिरवली की धूर निघतो. मीसुद्धा मास्क लावते. तो धूर ताईंनी दोन तास का घ्यायचा? आणि वाफ तर आत्ता नकोच. या दिवसांत अंग फार तापू द्यायचं नसतं."

"आम्ही काय कमी बाळंतपणं बघितली?"

"बघितली असतील. पण तेव्हा हे औषध होतं का?"

दुर्गाबाईंनी पर्स इकडची तिकडे केली.

"तुमच्या डॉक्टरांना फोन लावा," खुशनुमा म्हणाली. "त्या 'करा' म्हणाल्या तर करू."

अपेक्षाने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. डॉक्टरबाई एका दमात बोलल्या. केस सरळ करायचं औषध नाही. वाफ नाही, गरम टब नाही. मसाज आत्ता राहू दे. पाय कोमट पाण्यात चालतील, कढत नको. चेहऱ्याला कुठलं क्रीम लावतेस? अपेक्षाने नाव सांगितलं. "त्यात रेटिनॉल आहे, ते बाळासाठी चांगलं नाही. आजपासून बंद. आणि अपेक्षा, हे तू मला आधीच विचारायचं होतंस."

फोन ठेवल्यावर अपेक्षा रडलीच. "मला भीती वाटत होती. पण इथे नाही म्हणायचं तर सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं."

दुर्गाबाई तिच्याजवळ आल्या. मग खुशनुमाला म्हणाल्या, "पाणी कोमट आहे का ते मी बघते." आणि बाई खरंच बाह्या सरसावून टबात कोपर घालून उभ्या राहिल्या. लग्नात अपेक्षा कुरळ्या केसांचा अंबाडा घालून गेली. छान दिसली म्हणे.

"तरी हे पार्लरभर करू नकोस हो," त्या शुक्रवारी पार्लरमधून निघताना दुर्गाबाई म्हणाल्या होत्या.

"मावशी, इथल्या निम्म्या वाघोलीची गुपितं माझ्याकडे आहेत. अजून एक मावेल."

रविवारी भंगारवाला आला आणि रिकामा गेला. सोमवारी मेकॅनिक आला. "इतक्या जुन्या खुर्चीला नवा पंप? कशाला?" त्याने विचारलं. खुशनुमा म्हणाली, "हिने एक काम केलंय. पण परत असं कुणाला दचकवायला नको." माझी फुस्स संपली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बाई बरोबर होती.

सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी, अपेक्षा परत आली. चांगली गोलमटोल. "त्याच खुर्चीवर," म्हणाली. खुशनुमाने माझी पाठ अर्धीच झुकवली. इतक्या दिवसांच्या बाईने उताणं पडून राहायचं नसतं. कमरेशी डावीकडे वळायला उशी दिली. हातावर साधी मेंदी काढली. विक्रेता घेऊन आलेली काळीकुट्ट केमिकलची मेंदी तिने दारातूनच परत पाठवली होती. उठताना घाई नाही. आधी पाय खाली, मग दोन श्वास, मग उभं राहायचं. दुर्गाबाई सोफ्यावरून हुकूम सोडत होत्या, "सावकाश, सावकाश." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला सांग, झोपाळा उद्या आहे. आज हलायचं नाही."

मी तसूभरही हलले नाही. नवा पंप होता म्हणून नव्हे. जुना असता तरी हलले नसते.

तर मित्रांनो, तुमच्या आईला, ताईला, मावशीला माझा एवढा निरोप सांगा. पोटात बाळ असलं तरी पार्लरमध्ये खुशाल जा. डॉक्टरांना विचारून जा आणि जिच्यासमोर बसणार तिला आधी सांगा. सगळ्याच खुर्च्या माझ्यासारख्या वाह्यात नसतात. बाकीच्या आपल्या गुमान उभ्या राहतात आणि तुमचे हात पोटावर गेलेले कुणाला दिसतही नाहीत.

मोठ्याने सांगायची गरज नाही. कानात सांगितलं तरी चालतं.