केळीचे खांब आणि वारा

मित्रांनो, डोंगरकडा गावात माणिकरावांच्या गोठ्यालगत उभी असलेली जुनी मोटार ती मीच. माझा जन्म १९३२ सालचा. त्या काळी मोटारी पेटीसारख्या चौकोनी असत. माझी पुढची काच भिंतीसारखी सरळ आहे. सावकाश चालले की वारा बाजूने निघून जातो. पळाले की तोच वारा छातीवर दाबतो आणि त्याला ढकलण्यात पेट्रोल जाते. माझा ड्रायव्हर गुलाबसिंग हे ओळखून होता. माणिकरावांना कळे ते बैलांतले.

१९४४ साली त्यांच्या मुलाचे, संतरामचे, लग्न नरसीला ठरले. मुहूर्त दुपारी बाराचा आणि त्या हंगामातला शेवटचा. तो चुकला तर दिवाळी उलटेपर्यंत लग्न नव्हते. लढाईमुळे पेट्रोल परवान्यावर मिळे. टाकीत जेमतेम पोचण्यापुरतेच होते.

आमच्या गावाला केळीचा अभिमान. माणिकरावांनी माझ्या दोन्ही अंगांना पानांसकट केळीचे उंच खांब बांधले. त्यात निघायला उशीर झाला.

“पळव, गुलाबसिंग,” वाटेत कळमनुरीला ते म्हणाले. “बैल लवकर पोचला की वाटेतली वैरण वाचती.”

“मालक, ही पळाली की जास्त पिते.”

“तू मला शिकवून राहिला काय?”

मी पळाले. हिंगोलीत गुलाबसिंगने टाकीत काडी घातली. ती नखभरच ओली झाली.

“खांबांची पानं वारा धरतात. ते काढा अन् मला हळू जाऊ द्या. तरच पोचू.”

“शुभाचे खांब रस्त्यात टाकू व्हय?” माणिकराव चिडले.

संतरामची आई पार्वतीबाई खाली उतरल्या आणि गाठी सोडू लागल्या. “अहो, लगीन लेकराचं लावायचंय का खांबाचं?”

पुढे मी ताशी वीस मैलांच्या वेगाने चालले. एक प्रवासी मोटार धूळ उडवत पुढे गेली.

“गेली इज्जत!” माणिकराव पुटपुटले.

पार्वतीबाईंनी मात्र तिच्याकडे पाहून हात हलवला. “बाबांनो, नरसीत सांगा, नवरदेव येऊन राहिला!”

नरसीच्या वेशीवर माझी टाकी कोरडी झाली. पण निरोप पोचला होता. मुलीकडचे वाट पाहत उभेच होते. संतराम मुंडावळ्या सावरत मांडवाकडे पळाला आणि मुहूर्त टळायच्या आत अंतरपाट धरला गेला. सगळे अक्षता टाकायला गेले. माझ्या तापलेल्या इंजिनात पाणी ओतायला गुलाबसिंग तेवढा मागे राहिला.

आता १९४८ साल चालू आहे. गुलाबसिंग दुसरीकडे कामाला गेला. माझ्या गादीवर कोंबड्या बसतात. मित्रांनो, यंत्र हाती आले तर ते कशाने दमते, हे आधी त्याच्या चालवणाऱ्याला विचारा आणि तो सांगेल ते वेळेवर ऐका. माणिकरावांनी ते हिंगोलीत ऐकले. कळमनुरीतच ऐकले असते, तर नवरदेवाला धापा टाकत बोहल्यावर चढावे लागले नसते.