छत्तीस घरांचा पट

"इथे सही हवी होती, सर," असं म्हणून मुलीने संशोधन सोडण्याचा अर्ज टेबलावर ठेवला.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'माझी कुवत कमी पडते.'

सरांना अख्खं कॉलेज 'जोडीवाले सर' म्हणे. इलेक्ट्रॉन मुळात एकमेकांना पाण्यात पाहणारे. पण सरांनी कागदावर बुद्धिबळासारखा, पण सोळाच घरांचा पट मांडला, एका घरात दोघे शिरले तर जबर दंड असा नियम लावला आणि तरीही ते जोडीजोडीने फिरतात, असं गणिताने दाखवलं. अशा जोड्या जमल्या की वीज विनाअडथळा धावते म्हणतात. सरांची बढती तरी धावली. शिवाय लोकांच्या लग्नांत भाषणाचा मान मिळाला. "इलेक्ट्रॉनांकडून शिका," ते नवरा-नवरीला सांगत. इलेक्ट्रॉनांना सासर नसतं, एवढंच त्यांची बायको म्हणे.

मुलीला त्यांनी तेच गणित करायला छत्तीस घरांचा पट दिला होता. तिच्या पटावर जोड्या टिकेनात. आठ महिने ती आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत होती. तीनदा तो पहिल्यापासून लिहिला. सरांचं चुकणं शक्य नव्हतं, म्हणून उरली ती. वडील दुकानात बसायला बोलावत होते आणि ती आता जाणार होती.

"तुमचा वेळ घालवला, सर. माफ करा."

सही केली की प्रकरण मिटत होतं. पेनही झकास चालत होतं. पण स्वतःचं नाव लिहायची सरांना लाज वाटली.

"चूक तुझी नाही," ते टेबलाकडे पाहत म्हणाले. "छत्तीस घरांवर जोड्या सुटतात. मी करून पाहिलंय."

"कधी?"

"अकरा वर्षं झाली."

"मग मला कशाला दिलंत?"

"वाटलं, तुझ्या हातून तरी जमतील."

ती ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिने अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, न विचारता खुर्ची ओढली, बसली आणि वही उघडली.

"तेव्हाचे आकडे सांगा."

सर उठले. कपाटाच्या तळातून त्यांनी धूळ खाल्लेला गठ्ठा काढला. ती त्यांना बसा म्हणाली नाही. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसे, उभ्याउभ्याच, ते पहिल्या पानापासून वाचू लागले.