वाटीतल्या पाण्यातला नऊ नंबर

मी नऊ नंबर. नाव विचारू नका. आमच्यात नावं ठेवत नाहीत, नंबर टाकतात. वाकडे दात सरळ करायला पारदर्शक प्लॅस्टिकचं एक कवच दातांवर बसवतात ना, अलाइनर म्हणतात त्याला, तोच मी. चोवीस भावंडांतला नववा. प्रत्येकानं पंधरा दिवस दातांवर बसायचं, त्यांना केसभर ढकलायचं आणि पुढच्याला जागा करून द्यायची. पंधरा दिवसांचं आयुष्य, त्यातले मी सहाच जगलो. बरं, मेलो म्हणावं तर तेही नाही, हीच तर पंचाईत आहे. पाचोडजवळच्या एका मळ्यात, मोसंबीच्या बुडाशी मातीत पडून आहे.

ज्या तोंडासाठी माझा जन्म झाला ते तोंड तनुजाचं. हा मळा ज्यांचा, त्या कारभारींची थोरली लेक, संभाजीनगरात खोली घेऊन राहणारी, चितेगावच्या एका कंपनीत पुढच्या टेबलावर बसणारी. तिचा वरचा सुळा असा फिरलेला, की हसू आलं रे आलं की हात तोंडावर. लहानपणापासूनची खोड. स्कूटीवर स्कार्फ बांधला की तेवढ्यापुरती ती आतल्या आत मोकळी हसायची. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी आतच होतो.

माझ्या जन्माआधीची गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली, अगदी तोंडात राहून. दिवाळीनंतर ती दातांच्या डॉक्टर मनस्विनीबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, "तुला ताराच लावूया. सुळा गोल असतो, प्लॅस्टिकला त्याची नीट पकड मिळत नाही. तार त्याला धरून वळवते. आणि मुख्य म्हणजे तार काढता येत नाही. तू विसरलीस तरी ती काम विसरत नाही."

"तोंडभर तारा? कंपनीत पुढं बसते मी, डॉक्टर. आणि गावाकडची पोरं तर तारेचं कुंपणच म्हणतील."

"म्हणू देत. वर्षभराचा प्रश्न आहे. अलाइनरलाही वर्षच लागेल, पण रोज बावीस तास घालावे लागतात. घालशील?"

"घालीन," तनुजा म्हणाली. सगळेच म्हणतात.

तिला घाई होती ती आजीची. चतुराबाईला काचबिंदू झालेला. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. तेव्हापासून म्हातारीनं एकच घोशा लावला होता. "तने, मला एकदा तोंड उघडं टाकून हसून दाखव. डोळं हायेत तवर बघू दे."

म्हणजे सगळी शर्यत त्या डोळ्यांशी होती, आणि त्यात धावायला उभे केले होते आम्ही! आमचा नियम असा की खाताना आम्हाला काढायचं, खाल्ल्यावर दात घासायचे, आम्हाला धुवायचं आणि परत घालायचं. ते दुष्काळाचं वर्ष. शहराला नळ आठव्या दिवशी, तोही तासभर. शहर चारी अंगांनी वाढत होतं, नव्या नव्या इमारती उठत होत्या, आणि तनुजा दोन बादल्यांत अख्खा दिवस काढत होती. चहा झाला, राहू दे. दुपारी डबा खाल्ला, कंपनीच्या बेसिनला पाणी नाही, संध्याकाळीच घालू. बावीसचे चौदा तास झाले. तिला दोष कसा देऊ? आमच्या आठ नंबरचंही काम निम्मंच झालं होतं. म्हणून मी बसलो तेव्हा सुळ्यापाशी फट राहिली.

सहाव्या दिवशी ती मला घेऊन गावी आली. मळ्यातली बाग वाळून गेली होती. दारापुढचं एक झाड तेवढं हिरवं होतं, तेही भांड्यांच्या, आंघोळीच्या पाण्यावर. त्या घरात पाण्याचा थेंब वाया गेला तर चतुराबाई जेवायची नाही.

सकाळी आल्या आल्या तनुजानं आजीला सांगितलं, की खाताना मला तोंडातून काढून पाण्यात ठेवावं लागतं. म्हातारी म्हणाली, "माझ्या कवळीवानीच हाय की. माझी बी वाटीतच असती." तनुजा हसली, अर्थात हात तोंडावर ठेवूनच.

मग न्याहारीआधी, म्हातारीचं लक्ष नसताना, तिनं मला काढून ओट्यावर वाटीत ठेवलं. घरी चतुराबाईच्या कवळीची वाटी ठरलेली. मी मात्र नव्या वाटीत, आणि पाण्यात दिसायचो नाही. दिसत नाही याच गुणासाठी तर मला निवडलं होतं! तनुजा भाकरी खात होती. म्हातारी ओट्यापाशी आली, वाटी डोळ्यांजवळ नेली. "घोटभर पाणी कुणी ठिवलं बाई उघडं?" असं पुटपुटत बाहेर गेली आणि मला झाडाच्या बुडाला ओतलं. मला ओरडता आलं असतं तर! वर पाचोळा पडला.

मग शोधाशोध. म्हातारीनं अख्खा ओटा हातांनी चाचपला. "कशी दिसती गं ती?"

"दिसतच नाही ना आजी!"

तनुजाची नजर पालथ्या वाटीवर गेली, तिथून झाडाच्या ओल्या बुडाकडे. तिला सगळं कळलं. तेवढ्यात म्हातारीनं विचारलंच, "माझ्या हातून तर नाय ना गेली?"

"नाय गं. बसमध्ये खाताना काढली होती, तिथंच राहिली वाटतं."

झालं. एकदा बसमध्ये राहिली म्हटल्यावर आजीदेखत झाडाखाली शोधणार कशी? म्हातारी दिवसभर झाडाखालच्या बाजेवरून उठली नाही. संध्याकाळी तनुजा माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली, पायानं जरासा पाचोळा हलवला आणि बस धरायला निघून गेली.

पुढचं मी त्या बाजेवरच्या बोलण्यातून ऐकलं. लाजेपोटी तिनं तीन आठवडे डॉक्टरला फोन केला नाही. मग दहा नंबर बसेना. मनस्विनीबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा हरवला म्हणून नाही गं. सुळा वळलाच नव्हता. ही वस्तू वाईट नाही, पण काढता येते, आणि जे काढता येतं ते काढलं जातं. आता तारा." अन् पहिल्यापासून वर्ष सुरू झालं.

तारा लावून ती गावी आली. पोरं कुंपण म्हणालीच. दोन दिवसांनी विसरलीसुद्धा. ज्याला भिऊन मला घेतलं, ते एवढंसंच होतं.

संक्रांतीला तिनं आजीच्या हातावर तिळगूळ ठेवला. "कोण हाय?" म्हातारीनं विचारलं. तनुजानं तिचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला.

तारा निघाल्या चैत्रात. तनुजा थेट मळ्यात आली. म्हातारीनं तिची हनुवटी धरली, दातांवरून बोट फिरवलं. "वळला गं सुळा. हस बरं." ती हसली. हसता हसता रडली. "हात नाय लावला तोंडाला," म्हातारी म्हणाली. "ऐकू आलं मला. हात लावला की आवाज दबतोय तुझा."

तनुजा गेल्यावर म्हातारी एकटीच बोलली, "मेलं, चार महिनं थांबले नायत डोळे."

आता या रानात प्लॉट पाडायचं चाललंय. खुणेचे दगड रोवून झालेत. उद्या यंत्र येईल, झाड उपटेल आणि मी वर येईन, तसाच, कारण मी कुजत नाही. कुणाला सापडलो तर एवढं करा, मुकाट्यानं खिशात घाला. कुठं सापडलो ते त्या घरात बोलू नका. चतुराबाईच्या लेखी मी अजून बसमध्येच आहे.