बिनस्प्रिंगची गाळणी

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच आहे. मला चहाची गाळणी समजू नका. एका हॉटेलातल्या बारच्या काउंटरवर, पेय हलवून मिसळायच्या डब्याच्या, म्हणजे शेकरच्या, तोंडाशी बसून बर्फ अडवायचा आणि पेय तेवढे ग्लासात जाऊ द्यायचे, हे माझे काम. तिथली बहुतेक पेये मोठ्यांची, तेव्हा त्यांच्याविषयी तुम्हाला सांगून मी कोणाची बोलणी खाणार नाही. माझे स्वतःचे तेवढे सांगते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मला पत्र्यातून गोल कापले, भोके पाडली, काठाला दोन कान काढले आणि कडेने एक लवचीक स्प्रिंग ओवली. ती स्प्रिंग म्हणजे माझा जीव. ती शेकरच्या काठाला आतून घट्ट धरते, म्हणून बर्फाचा बारीक खडाही निसटत नाही.

मला दुकानातून आणले ते ताईने. ताई त्या काउंटरची मुख्य. तिचा धाकटा भाऊ नुकताच तिच्या हाताखाली कामाला लागला होता. तो ताडासारखा उंच, पण लहानपणी छोट्या नाव पडले ते पडले. दुकान पाहून त्याला काय घेऊ आणि काय नको असे झाले. नक्षीचे चिमटे, साल काढायच्या सुऱ्या, लाकडी दांडके, सगळे त्याने टोपलीत भरले. ताईने एकेक वस्तू परत फळीवर ठेवली.

"हात दोनच आहेत तुला," ती म्हणाली. "मोजायला माप, हलवायला शेकर, ढवळायला लांब चमचा, गाळायला गाळणी. एवढं हाताला बसलं की बाकीचं घे हौसेनं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर अख्खं दुकान घेतलंस तरी काय उपयोग?"

असा आमचा चौघांचा संसार जमला. छोट्याच्या हाताला गुण होता. लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्यातला पांढरा बलक घेऊन तो एक पेय करी. त्यासाठी माझी स्प्रिंग काढून तो शेकरमध्ये टाकी आणि जोरात हलवी. आत ती अशी नाचे की सायीसारखा दाट फेस येई. गिऱ्हाइके छोट्याची वाहवा करत, आणि मी तेवढा वेळ उघड्या अंगाने ट्रेमध्ये पडून राही.

"हरवशील एक दिवस," ताई म्हणे.

"हरवली तर शोधून आणून देईन," असे म्हणत तो स्प्रिंग पुसून पुन्हा माझ्यात ओवी. तेव्हा मला फार बरे वाटे.

मग छोट्याला दूरच्या शहरात मोठ्या हॉटेलात काम मिळाले. ते ताईला कळले मॅनेजरच्या तोंडून. तो जाणार याचे दुःख तिला होतेच, पण सख्ख्या भावाने आधी आपल्याला सांगितले नाही, हे जिव्हारी लागले. तिच्यासमोर त्याची जीभ रेटत नव्हती, एवढेच होते. पण हे तिला कोण सांगणार?

जायच्या दिवशी दुपारी त्याने शेवटचे पेय करून दिले, शेकर घाईत वरवर खळबळून ठेवला आणि सामान बांधायला घेतले.

"ताई, यातलं काय नेऊ?"

"शेकर ने," ती वर न बघता म्हणाली. "तिकडे दुसऱ्याचं मागत बसू नकोस."

तो काहीतरी बोलणार होता. पण तिने शेकर उचलला, झाकण लावले, नॅपकिनमध्ये घट्ट गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. रोज प्रत्येक ग्लास दिव्यासमोर धरून तपासणारी ताई, पण त्या दिवशी तिने शेकरमध्ये पाहिले नाही, कारण तिचे डोळे भरले होते. आत माझी स्प्रिंग होती. मी सिंकमधून सगळे पाहत होते, पण मला ओरडता येत नव्हते.

संध्याकाळी तिने मला उचलले, तेव्हा सगळे लक्षात आले. म्हणजे तिला वाटले की आले. "जाताना स्प्रिंग परत ओवायची तेवढीही आठवण राहिली नाही त्याला," ती पुटपुटली. तिने दुसऱ्या स्प्रिंगा आणून पाहिल्या. एक ढिली पडे, एक भोकांत अडके. शेवटी नवी गाळणी आली आणि मी सिंकवरच्या खिळ्याला लागले. फोन दोघांकडेही होते. आधी कोणी करायचा, इथेच घोडे अडले.

वर्षे गेली. कुठे धातूची किणकिण झाली की मी दोन्ही कान टवकारी. ती कुठे असेल, कोणाच्या हातात नाचत असेल, तिला माझी आठवण येत असेल का, हेच मनात येई. मॅनेजरने एकदा विचारले, "ही भंगारात देऊ का?"

"राहू द्या," ताई म्हणाली. "अर्धी आहे ती, मोडलेली नाही."

एका सकाळी, खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या, तेव्हा छोट्या दारात उभा राहिला. कानांजवळ केस पिकले होते. ताईने ग्लास पुसणे थांबवले नाही. त्याने पिशवीतून शेकर काढला, उघडला आणि स्प्रिंग काउंटरवर ठेवली.

"तिकडे पोचून बघतो तर ही आत," तो म्हणाला. "आधी वाटलं, रागानं दिलीस. गाळणीही नको नि भाऊही नको. बरीच वर्षं तेच धरून बसलो. मग वाटलं, ताई अशी नाही. परत आणून द्यायला तरी मी यावं, म्हणून ठेवलीस ना तू?"

ताईचा हात थांबला. तिने स्प्रिंगकडे पाहिले, मग खिळ्यावर माझ्याकडे. आपण झाकण लावताना आत पाहिले नव्हते, हे तिला त्या क्षणी आठवले असावे.

"हो," ती म्हणाली. "मुद्दामच ठेवली. आणि तू एवढा उशीर केलास."

त्याने मला खाली काढून स्प्रिंग ओवली. ती थोडी सैल झाली होती, माझाही काठ चेपला होता. पण बसली. त्या दिवशी मी बर्फाचा एक खडाही सुटू दिला नाही.

दोन दिवसांनी तो निघाला. तिकडे त्याचे काम होते, बायको होती. ताईने मला हातात घेतले आणि स्प्रिंग सोडवली. शेकर दिव्यासमोर धरून आत नीट पाहिले, स्प्रिंग त्यात टाकली आणि झाकण लावले.

"या वेळी लवकर आणून दे," ती म्हणाली.

म्हणून मित्रांनो, मी पुन्हा अर्धी आहे. वाईट वाटते का? वाटते. जीव तिकडे नि अंग इकडे. तुमच्या घरी एकटा उरलेला मोजा असेल, झाकण नसलेला डबा असेल, तर तो लगेच फेकू नका. पुसून, दिसेल अशा जागी ठेवा. ताई मला रोज सकाळी पुसते, आणि पुसताना एकदा दाराकडे बघते. मीही बघते.