माझ्या तोंडाला तार बांधली तेव्हा

मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. छत्रीने, घड्याळाने, शाळेतल्या फळ्याने आपली कहाणी सांगितली की तुम्ही डोळे पुसता, मग माझीही जरा ऐकून घ्या. माझ्या कहाणीत एक लाँड्री आहे, आणि ती लाँड्री माणसांसकट उडून जायची वेळ आली होती.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक बॉयलर आहे. त्याच्या डोक्यावर मी बसतो. पितळेचं अंग, वर आडवा लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला लटकवलेलं वजन, असं माझं रूप. खाली भट्टी पेटते, पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून पुढच्या खोलीत जाऊन चादरी वाळवते, कोट-पाटलोणींना इस्त्री करते. पण वाफ वापरली गेली नाही की आतला दाब वाढत जातो. फार वाढला की वाफ माझं झाकण उचलते, मी शिट्टी फुंकतो आणि जादा वाफ बाहेर जाते. थोडक्यात, वेळ आली की बोंब मारायची, एवढंच माझं काम. त्यात कसला आलाय मोठेपणा, असं तुम्ही म्हणाल. पण मी गप्प बसलो तर बॉयलर फुटतो. बॉयलर फुटला की भिंती उरत नाहीत, मग माणसांचं काय सांगू?

ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या साच्यातून माझा जन्म झाला. एका कारागिराने माझं झाकण आणि बैठक एकमेकांवर घासून अशी बसवली की मधून केसही जाऊ नये. मग तपासणीवाल्या म्हाताऱ्याने दाब देऊन पाहिला. ठरलेल्या रेघेवर मी ओरडलो. तो म्हणाला, "खणखणीत आहे. हा घात करायचा नाही." ती माझी पहिली शाबासकी. तिच्या जोरावर मी फार वर्षं ताठ बसलो.

आमचा बॉयलर सांभाळायचे ते दादा. सगळी लाँड्री त्यांना दादा म्हणायची. माणूस मोठा गमत्या. मला रोज फडक्याने पुसायचे आणि म्हणायचे, "काय वकीलसाहेब, आज घसा बरा आहे ना?" त्यांची बायको पुढच्या खोलीत इस्त्री करायची. तिला सगळे वहिनी म्हणत. दादांची आई, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, खिडकीशी बसून कपड्यांची तुटलेली बटणं लावायच्या. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की इस्त्र्या थांबत, वाफेला गिऱ्हाईक नसे, दाब चढे आणि मी ओरडे. मग दादा भट्टीची झडप लावत, आग दबे, मी गप्प होई. तोवर सगळ्यांचे डबे उघडलेले असत. माझी शिट्टी म्हणजे जेवणाची हाक, असंच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मित्रांनो, धोक्याच्या आवाजाची अशी सवय लागू नये. पण लागली होती खरी.

एका दुपारी मी ओरडलो, आणि झडप लागलीच नाही. दादा भट्टीपुढे खाली बसले होते. मान छातीवर, एक हात झडपेच्या साखळीकडे गेलेला. मी ओरडत राहिलो. जिवाच्या आकांताने ओरडलो. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. वहिनी म्हणाली, "आज हे जरा जास्तच लाडात आलेत. ओरडू देत." कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्हाला बोलावतायत!" आणि पुन्हा हशा पिकला. डबे संपले, हात धुऊन झाले, तरी मी ओरडतच होतो. तेव्हा कुठे इस्त्रीवाले काका दार ढकलून आत आले. तोवर उशीर झाला होता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. कुणी लवकर पोचलं असतं तर, हे वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्यानेच वहिनीचा गळा धरला.

पुढे बॉयलरचं काम वहिनीने मागून घेतलं. दादांच्या हाताखाली तिला ते येत होतंच, मालकांनीही हो म्हटलं. सासूबाई येता-जाता रडायच्या. बटण लावताना रडायच्या, सुई ओवताना रडायच्या, आणि रडून झाल्यावर "चला, आता जरा बरं वाटलं" म्हणून पाणी प्यायच्या. वहिनीच्या डोळ्याला मात्र पाणी नाही. "मोठी धीराची हो," असं लोक म्हणायचे. धीराची! मी वर बसून तिचा चेहरा बघत होतो. भट्टीपुढे उभी असली तरी तो चेहरा गार पडलेला असायचा. रात्री तिचा डोळा लागत नसे, हे सासूबाईंच्या बोलण्यातून मला कळायचं.

दुपार झाली की ती सारखी माझ्याकडे बघू लागे. मी ओरडलो की कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून उभी राही. आधी तिने कानात कापूस घातला. मग शिट्टीच्या वेळी ती अंगणात जाऊन उभी राहू लागली. पण माझा आवाज अंगणापर्यंतच काय, चौकापर्यंत जातो. शेवटी एका सकाळी ती शिडीवरून वर आली. हातात पकड आणि जाड तार. माझा दांडा तिने खाली आवळून बांधला आणि वर पीळ दिला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "पुरे झालं रे. आता नको ओरडूस."

मित्रांनो, माझा राग आला असेल तिला, असं मला वाटलं नाही. मला तिच्या जिवाची भीती वाटली. दाब बांधून ठेवता येतो, पण त्याने तो कमी होत नाही.

सुरुवातीला ती फार जपायची. सुट्टीच्या आधीच आग दाबायची, डोळ्यांत तेल घालून दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायची. दुपार शांत जाऊ लागली. "बरं झालं, डोकं दुखायचं थांबलं," असं पुढच्या खोलीत लोक म्हणू लागले. दादांचं नावही तिच्यासमोर कुणी काढत नसे. तिला त्रास नको, म्हणून. एकदा काका काही विचारायला आत आले आणि त्यांची नजर वर गेली.

"अगं, ही तार कसली?"

"तात्पुरती आहे, काका."

"पण हे... बरं नाही हं."

"मी आहे ना इथे. बघते मी."

काका क्षणभर घुटमळले. दुःखातल्या बाईला काय बोलायचं, असा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मग ते गेले. चांगली माणसं अशीच जातात, हो. आवाज न करता दार लोटून घेतात.

सासूबाई मात्र बेचैन होत्या. "आताशा शिट्टी वाजत नाही गं? वाजली की वाटायचं, लेक माझा बोलतोय," त्या म्हणायच्या. वहिनी म्हणे, "बॉयलर सुधारलाय आई." जेवायलाही ती आता कुणात बसत नसे. मागच्या दाराच्या पायरीवर एकटी बसायची, डबा तसाच मांडीवर.

मग तो दिवस आला. दवाखान्याच्या चादरींचे ढीग आले होते. वाफ भरपूर लागणार, म्हणून वहिनीने सकाळपासून भट्टी लालभडक ठेवली. काम रेटता रेटता सुट्टी झाली आणि इस्त्र्या एकदम थांबल्या. ती अंगणातून झडप लावायला निघाली होती. जाता जाता मागच्या दाराच्या पायरीवर टेकली, फक्त एक क्षण. रात्र रात्र जागलेलं शरीर ते. भिंतीला डोकं लागलं आणि डोळा लागला.

झडप उघडी होती. काटा चढू लागला. लाल रेघेला टेकला तेव्हा एरवी मी ओरडलो असतो. आता वाफ खालून मला ढकलत होती आणि वरून तार दाबत होती. काटा रेघ ओलांडून पुढे गेला. पत्र्याच्या सांध्यांतून बारीक कुरकुर येऊ लागली. बॉयलरचा तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. भिंतीपलीकडे डब्यांची झाकणं वाजत होती. कुणीतरी विनोद सांगत होतं.

इतक्यात दार उघडून सासूबाई आत आल्या. सून एकटी जेवते म्हणून आपला डबा घेऊन आलेल्या. सून दिसेना, तशा त्या भट्टीसमोरच्या खोक्यावर बसल्या, दादा बसायचे तिथेच. त्यांची नजर अधू, काटा त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यांनी वर माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "बोल की रे बाळा. किती दिवस झाले, आईशी एक शब्द नाही."

त्या आवाजाने वहिनी दचकून जागी झाली. आत आली, काट्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, बाहेर जा! पळा!"

"का गं? काय झालं?"

"जा म्हणते ना! सगळ्यांना बाहेर काढा!"

तिने साखळी ओढून झडप लावली. पण निखारे धगधगत होते, काटा हलेना. ती स्वतः पळून गेली असती तर कुणी दोष दिला नसता. पण भिंतीपलीकडे सगळी लाँड्री जेवत बसली होती. तिने पकड घेतली आणि शिडी चढली. शिडी डुगडुगत होती. सासूबाई बाहेर गेल्या नाहीत. एक मोठी हाक मारून त्यांनी पलीकडच्यांना "पळा रे!" म्हणून ओरडून सांगितलं आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

वहिनीचा हात माझ्यापाशी येऊन थांबला. तार तोडली की काय ऐकावं लागणार, ते तिला ठाऊक होतं. तिचे ओठ हलत होते. मग तिने डोळे मिटून पकड दाबली. पहिल्यांदा तार नुसती दबली. दुसऱ्यांदा तुटली.

मी ओरडलो! इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. वाफेने तिचा कोपरापर्यंतचा हात भाजला, तरी ती शिडीवरून हलली नाही. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं, म्हणून फक्त मलाच कळलं. ती ओरडत होती. माझ्याइतक्याच जोराने, शब्दांशिवाय, ऊर फुटेल अशी. त्या कल्लोळात आपल्याला कुणी ऐकत नाही, असं तिला वाटलं असेल. म्हणूनच तिला रडता आलं.

काटा खाली आला. माझी शिट्टी बारीक होत थांबली. तिचं रडणं थांबलं नाही. पळालेली माणसं परत दारात गोळा झाली होती. त्यांना आता फक्त तीच ऐकू येत होती.

"मी म्हटलं, लाडात आलेत," ती हुंदके देत म्हणाली. "आई, ते मरत होते आणि मी हसत होते."

सासूबाईंनी शिडी सोडली नाही. तिच्या पावलांना कपाळ लावलं आणि म्हणाल्या, "मीही हसले होते गं. त्याला जन्म दिला मी, आणि मलाही कळलं नाही. घास घेत होते मी. कुणाला सांगू हे? तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

काकांनी डोळ्याला रुमाल लावला. मग पुढे होऊन त्यांनी वहिनीला खाली उतरवलं, हातावर थंड पाणी ओतलं आणि म्हणाले, "तार मला दिसली होती. मी तेव्हाच बसायला हवं होतं तुझ्यापाशी." त्या दुपारी ती सगळ्यांमध्ये बसून जेवली. थोडं जेवली, रडत जेवली, पण जेवली.

दुःख गेलं म्हणता? छे हो. अजूनही मी ओरडलो की तिचा श्वास अडकतो. हाताचा डाग आहे तसाच आहे. पण ती आता पळत नाही. झडप लावते, माझा आवाज संपेपर्यंत उभी राहते आणि मग कामाला लागते. कधी कधी जाता जाता दादांची एखादी गंमत सांगते. ऐकणारे हसतात, आणि तीही हसते. एवढ्या अंधारातून माणूस इथवर येऊ शकतं, हे मी माझ्या जागेवरून पाहिलंय.

मी आता झिजलो आहे. माझ्या जागी नवा येईल. मला पुसा, तेल द्या, पण माझं तोंड बांधू नका, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, माणसांच्या बाबतीतही तेवढं लक्षात ठेवा. कुणाच्या घरून रडण्याचा आवाज आला तर फार घाबरू नका, तिथे वाफेला वाट आहे. पण ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय आणि तरी सगळं अगदी शांत आहे, तिथे उद्यावर ढकलू नका. आजच जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या.