लेन्सपुढचा पुठ्ठा

मित्रांनो, १९९१ साली सुरतेत ही गोष्ट घडली, तेव्हाच मी म्हातारा होतो. मी एक जुना, सोळा मिलीमीटर रुंद फिल्मचा प्रोजेक्टर आहे. तरुणपणी मी चलथाणला, साखर कारखान्याच्या वसाहतीत, लस टोचण्याच्या आणि पाणी उकळून पिण्याच्या फिल्म दाखवायचो. चादरीवर चित्र हललं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. ते माझे कौतुकाचे दिवस.

पुढे मी सुरतेच्या एका मराठी चित्रमंडळाकडे आलो. मंडळाचे चिटणीस सुधाकरराव बँकेत अधिकारी होते. मला त्यांच्याच घरी बैठकीच्या खोलीत ठेवत. खेळाच्या दिवशी ते दाराशी पाहुण्यांच्या स्वागतात गुंतलेले असत, म्हणून त्यांची पत्नी शैलजा मला चालवायला शिकली. फिल्म चाकांच्या दात्यांवर बसवावी, ती ताणून तुटू नये म्हणून एक वळण सैल सोडावं, हे मंडळात फक्त तिला येत होतं.

त्या वर्षी मुंबईहून एक फ्रेंच फिल्म आली. ती मुलांनी बघायची नव्हती, म्हणून तिच्यातलं सगळं सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तिच्यातली बाई कपड्यांची आणि लोकलाजेची पर्वा करत नाही, आणि तिला स्वतंत्र म्हणावं की नाही यावरून परदेशात मोठा वाद झाला होता.

"विषय स्त्रीस्वातंत्र्याचा आहे," सुधाकरराव सभेत म्हणाले, "पण बायकांना प्रवेश नको."

मंडळाचे खजिनदार बन्सीलाल कापडबाजारातले. ते म्हणाले, "साहेब, मग मशीन कोण चालवणार? तुम्ही?"

सगळे छताकडे बघू लागले. शेवटी असं ठरलं, की शैलजानंच मला चालवावं आणि नको ती दृश्यं आली की लेन्सपुढे पुठ्ठा धरावा.

"आणि तू पडद्याकडे बघू नकोस," सुधाकररावांनी तिला घरी बजावलं.

"मग फोकस काय वासानं लावू?"

ती हसली, पण त्या घरात हसू फार वेळ टिकत नव्हतं. बारडोलीच्या मुलींच्या शाळेत तिची शिक्षिका म्हणून निवड झाली होती. खेळाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, ती हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. सुधाकरराव महिनाभर एकच म्हणत होते, "विचार करू."

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मंडळात कधी न दिसलेली माणसंही भिंतींना टेकून उभी राहिली. दारं लावली. माझा दिवा तापला. पहिल्यांदा पुठ्ठा आला तेव्हा शिट्ट्या झाल्या. दुसऱ्यांदा आला तेव्हा एक खुर्ची उलटली.

"ए बेन, पूंठुं हटाव!" मागून कुणीतरी पुठ्ठा काढायला ओरडलं.

कुणीतरी माझ्या टेबलाला धक्का दिला. फिल्म दात्यांवरून सुटायला आली. दिव्यासमोर अडकली असती तर जळलीच असती. शैलजानं बोटानं वळण सावरलं. बन्सीलाल हात पसरून मध्ये उभे राहिले. "भाई, बेसी जाओ, खाली बसा! नाहीतर मशीन बंद!"

मग एक साधं दृश्य आलं. व्हरांड्यात नवराबायको अंगभर कपड्यांत कॉफी पीत बसलेली. खाली इंग्रजी अक्षरं उमटतात: नवरा म्हणतो, तू मोकळी आहेस. आणि तिनं कोणत्या पुरुषाकडे जायचं तेही बोट करून दाखवतो.

शैलजानं पुठ्ठा धरला.

पडदा काळा झाला. अंधारात नुसता फ्रेंच आवाज. शिट्टी मारावी की नाही हे कुणालाच कळेना. सुधाकरराव धावत आले.

"अगं, इथं काय झाकतेस? कॉफी पिताहेत दोघं!"

"तेच झाकतेय. मोकळी आहेस म्हणतो आणि कुठं जायचं तेही तोच सांगतो. अख्ख्या फिल्ममध्ये मला याचीच लाज वाटली."

"लोक बघताहेत. पुठ्ठा काढ. घरी बोलू."

"घरी महिनाभर ऐकलं. उद्या मी बारडोलीला जातेय. विचारत नाहीये, सांगतेय."

सुधाकररावांचा हात पुठ्ठ्यापर्यंत आला. माझ्या झरोक्यांतून सांडलेल्या उजेडात ती बोटं पुठ्ठ्याची कड पकडताना मला दिसली. ते आता पुठ्ठा ओढणार, असं वाटलं. शैलजानं नजर हलवली नाही.

"साहेब, बसून घ्या," बन्सीलाल हळूच म्हणाले. "वहिनींना काम करू द्या."

हात मागे गेला. शैलजानं पुठ्ठा खाली ठेवला आणि मग उचललाच नाही. पुढं जे आलं ते आलं. काहींनी शिट्ट्या मारल्या, काही उठून गेले. शेवटी फिल्ममधली ती बाई एकटीच रस्त्यानं चालत जाते. ती मोकळी झाली की नाही, यावर दाराबाहेर बराच वेळ वाद चालला. तो मिटला नाही. मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, नंतर घरोघरी केबल आली आणि मी कपाटावर जाऊन बसलो. माझा रबरी पट्टा कडक झाला, लेन्सवर बुरशी चढली. घरात असं जुनं यंत्र असेल तर भंगारात देण्याआधी त्याची धूळ पुसा आणि ते चालवणारं माणूस जवळपास असेल तर ते कसं चालतं तेवढं विचारून घ्या. कुणी विचारत नाही, म्हणूनच आम्ही मरतो.

मंडळ दोन वर्षांत बंद पडलं. बन्सीलाल धुळ्याला मुलाकडे राहायला गेले. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, वहिनींच्या नावानं. शैलजा त्या सोमवारी बारडोलीला गेली आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिली. सुधाकरराव आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग बोलू लागले, आणि पुढे तर घरी आलेल्या प्रत्येकाला अभिमानानं सांगू लागले, "नोकरीची परवानगी मीच दिली हो तिला." शैलजा ते ऐकायची, पर्स खांद्याला अडकवायची आणि जिना उतरायची. बारडोलीची बस कुणासाठी थांबत नसे.